पहिला टॅटू कुठे काढू, असं विचारलंस ना

अगं,

तुझे तीनही मेसेज वाचले, रात्री दीडचा पण वाचला. मनगट, फासळ्या की मानेच्या मागे, आणि सोबत तीन फोटो. फोटो छान आहेत, पण तिन्ही टॅटू संपल्यावर लगेच काढलेले आहेत, कडेची कातडी अजून लाल दिसतेय आणि काळा रंग असा ओला चकचकीत आहे की तसा तो महिन्याभराने कोणाच्याच अंगावर नसतो. तू भाळलीस ती त्या चकचकीतपणावर. म्हणून म्हटलं मेसेजमध्ये मावणार नाही, निवांत लिहिते.

आधी माझंच सांगते. इतकी वर्षं हातात मशीन धरतेय तरी माझा स्वतःचा पहिला टॅटू एकदम फसलेला आहे. 19 वर्षांची होते, मनगटाच्या आतल्या बाजूला "निर्धार" लिहून घेतलं, करंगळीच्या नखाएवढं, कारण घरी दिसायला नको आणि नाजूक पण हवं. काढणाऱ्याने एका शब्दाने विचारलं नाही, बसवलं आणि केलं. तीन-चार वर्षांत रफार गेला, ध ची गाठ शाईने भरून गेली, आता लोक वाचतात "निघार". मी पण हल्ली हो म्हणते.

हे का झालं ते नीट समजून घे, कारण तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. सुई शाई सोडते ती कातडीच्या वरच्या थरात नाही, त्याच्या खालच्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर आत. वरचा थर महिन्या-दीड महिन्यात झडून नवा येतो, शाई तिथे राहिली असती तर तीही गेली असती. खालच्या थरातल्या संरक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते परत गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे टॅटू हा कागदावरचा ठसा नाही गं, आत सतत हातबदल चाललेला असतो, आणि वर्षं जातात तशी रेघ थोडी जाड होते, कडा मऊ पडतात. सगळ्यांचीच होते, उत्तम हाताने काढली तरी होते. आता मनगटाच्या आतली कातडी पातळ, तिथे सुई जरा जास्त आत गेली की शाई खाली पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली येते, आम्ही त्याला ब्लोआउट म्हणतो. माझं दोन्ही झालं. जागा नाजूक होती, अक्षर बारीक होतं, हात पण जड होता.

तर तुझा "कुठे" हा खरं तर दोन प्रश्न आहे, अंगावर कुठे आणि कोणाच्या हातून. लोक पहिल्यावर दोन महिने झोप उडवून घेतात आणि दुसरा "जवळच एक आहे" म्हणून दोन मिनिटांत मिटवतात.

अंगावरचं आधी. फोटो बघून जागा ठरवू नकोस, तुझा दिवस बघून ठरव. त्वचेवर चालणारा मार्कर घे नाहीतर तात्पुरता स्टिकर मिळतो तो लाव (फक्त काळी मेंदी नावाने जे मिळतं ते नको, त्यात पीपीडी नावाचं केमिकल असू शकतं आणि त्याने काहींना फोड येऊन डाग राहतात). डिझाइन हवंय तेवढंच, हवंय तिथेच काढ, आणि दोन आठवडे तसंच फिर, पुसलं गेलं की परत काढ. मग बघ बॅगेचा पट्टा कुठे घासतो, घड्याळ कुठे बसतं, कमरेला इलॅस्टिक कुठे रुततं, तू झोपतेस कुठल्या कुशीवर. आणि दिवसातून किती वेळा बाही खाली ओढलीस ते मोज. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण नोकरीचं, घरचं, "लोक काय म्हणतील"चं उत्तर मी तुला देऊच शकत नाही, तुझाच हात देतो. सैन्य, पोलीस, विमानातली नोकरी असलं काही डोक्यात असेल तर मात्र त्यांचे नियम आधी वाच, तिथे टॅटू कुठल्या जागी आहे यावरून माणूस आत की बाहेर ते ठरू शकतं.

तुझ्या तीन जागांबद्दल माझं मत ऐक. मनगटाचं सांगून झालं, करायचंच तर बाहेरच्या बाजूला, थोडं वर सरकवून, आणि मोठं. बोटांचा फोटो तू पाठवला नाहीस पण पुढचा तोच येणार हे मला माहितीये, तर बोटाच्या कडेला आणि तळव्याकडे शाई धड टिकत नाही, कातडी जाड, झडते भराभर, वर दिवसभर हात धुणं, वर्षात अर्धी रेघ गायब. फासळ्या दिसायला सुंदर, पण तिथे कातडीखाली लगेच हाड, मशीनची थरथर पार दातापर्यंत येते, आणि तू श्वास घेतेस तशी ती जागा वरखाली होते, म्हणजे काढणाऱ्याला तुझ्या श्वासाच्या तालात रेघ ओढावी लागते. पहिल्यांदा बसणाऱ्या मुली तिथे श्वास रोखून धरतात आणि मग घेरी येते. शिवाय त्यानंतर निदान आठवडाभर अंगाला घट्ट काही घालता येत नाही, ब्राचा पट्टा बरोब्बर तिथेच येतो, हे फोटोत कोण सांगणार! मानेच्या मागे ठीक आहे, पण दोन गोष्टी. ऊन सगळ्यात जास्त तिथेच बसतं आणि उन्हाइतकं टॅटूला काहीच खात नाही, आणि दुसरं म्हणजे तो तुला कधीच दिसणार नाही.

या दुसऱ्यावर जरा थांब. टॅटू स्वतःला दिसायला हवा की नाही यात बरोबर-चूक काही नाही, फक्त आधी ठरलेलं असावं. आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फात सापडलेला तो ओत्झी माहितीये ना, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, साध्या रेघा आणि फुल्या, आणि त्यातल्या बऱ्याच कमरेवर, गुडघ्याजवळ, घोट्यापाशी. कमरेवरच्या तर त्याला स्वतःला दिसणंच शक्य नव्हतं. त्याच्या सांध्यांची झीज झालेली होती, म्हणून अभ्यासकांना वाटतं की दुखण्यावरचा इलाज म्हणून त्या केल्या असाव्यात. म्हणजे बघ, दुखतं तिथे टोचलं, सजावटीचा विचारच नसेल कदाचित. तुझं नेमकं कशासाठी आहे? रोज डोळ्यासमोर हवं असेल तर मान बाद. आपल्यालाच माहीत असावं, इतरांनी विचारू नये असं असेल तर मनगट बाद.

मला विचारशील तर पहिल्याला दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालची बाहेरची बाजू किंवा पोटरी. कातडी ना फार पातळ ना फार जाड, दुखणं सोसवण्यासारखं, वजन कमी-जास्त झालं तरी आकार फारसा बिघडत नाही (पोट आणि मांडीच्या आतल्या बाजूचं तसं सांगता येत नाही), आणि झाकायचं तर कपड्यात झाकलं जातं. कोणी म्हणेल हे फार सेफ झालं. असू दे. दुसऱ्या टॅटूला कर काय धाडस करायचं ते, तोपर्यंत तुझी कातडी शाई कशी धरते, सूज किती येते, खपली धरते का, हे तुला कळलेलं असेल. तीळ असेल तर त्याच्यावरून रेघ जाता कामा नये, तीळ बदलला तर डॉक्टरला तो दिसायला हवा. आणि लहानपणीच्या लसीचा व्रण किंवा एखादी जखम फुगून जाड राहिलेली असेल तर खांदा आणि छाती सोड, तिथे तसे व्रण जास्त उठतात, आणि खरं तर मशीनखाली बसायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरलाच दाखव.

जागा ठरली की मगच डिझाइनचा आकार. उलटं नाही. तू तीन शब्द लिहायचे म्हणतेस तर ते देवनागरीत आहेत हे लक्षात ठेव, आपल्या लिपीत ध, घ, भ, ठ अशी पोकळ्या आणि गाठी असलेली अक्षरं भरपूर, वर मात्रा, खाली उकार, अनुस्वाराचा तर नुसता ठिपका. आतली पोकळी आज टाचणीच्या डोक्याएवढी असेल तर दहा वर्षांनी ती नसेलच. आणि काढणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसेल तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटतं, आणि तो बिचारा जसं दिसतं तसं छापतो. कागदावर प्रिंट घे, दोघा-तिघांना मोठ्याने वाचायला लाव, मग जा.

आता कोणाच्या हातून. इन्स्टावरचे ताजे फोटो बघू नकोस, "हील्ड दाखवा" म्हण, म्हणजे बरे झालेले, वर्ष-दोन वर्षं जुने. त्यातही तुझ्या रंगाच्या कातडीवरचे. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य वरच्या थरात आणि शाई त्याच्या खाली, म्हणजे शाई कायम त्या रंगाच्या काचेतून दिसते, गोऱ्या कातडीवरचा फिका गुलाबी तुझ्या हातावर दिसणारच नाही आणि हे ज्याने सावळ्या कातडीवर काम केलंय तोच सांगेल. लिखाण करायचंय तर त्याने केलेलं लिखाण बघ, वाघ-सिंह बघून काय करशील.

स्वच्छतेचं तोंडावर विचारायला लाजू नकोस. सुईचं पाकीट सीलबंद असावं, तारीख बघावी, तुझ्यासमोर फोडावं, शाई छोट्या वापरून टाकायच्या टोप्यांमध्ये ओतलेली असावी आणि उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. काही अवजारं परत वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, आहे का विचार, नुसतं उकळलं किंवा स्पिरिटने पुसलं याला निर्जंतुक म्हणत नाहीत. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगाबाहेर वाळलेल्या रक्तात निदान 7 दिवस जिवंत राहू शकतो, आणि रक्त डोळ्याला दिसेल एवढं असायला लागत नाही. मी सगळ्यात जास्त एकच बघते, मध्येच फोन वाजला आणि ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने उचलला, तर तो परत कामाला लागायच्या आधी ग्लोव्ह्ज बदलतो का. नाही बदलले तर ऊठ तिथून. अर्धी रेघ झाली असली तरी ऊठ, अर्धी रेघ दुसरा कोणी पूर्ण करेल. मित्राने ऑनलाइन मशीन मागवलंय आणि तो फुकट करून देतोय हे तू शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंयस, ते मी वाचलंय. नाही.

आणि जो तुला एकदा तरी "नाही" म्हणेल त्याच्याकडे जा. "हे एवढं लहान करू नको", "इथे नको, बोटभर वर घेऊ", "आज नको, घरी जाऊन विचार कर". मला 19 व्या वर्षी असं म्हणणारं कोणी भेटलं असतं तर आज "निघार" नसता.

लेझरने काढता येतोच ना, असं तू लिहिलंयस. येतो, पण एका फटक्यात नाही, मध्ये आठवडे सोडत अनेकदा बसावं लागतं, काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी हट्टी असते, आणि सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहण्याची भीती जास्त. त्यातही जागेचा हिशोब आहेच. लेझर शाई फोडतो फक्त, वाहून न्यायचं काम शरीराचं, त्यामुळे मनगट-घोट्यापाशी, म्हणजे हातापायांच्या टोकांना वेळ जास्त लागतो. मी माझं काढलं नाही. आता सवय झालीये.

त्या दिवशी पोटभर जेवून जा, रात्री झोप काढ, दारू पिऊन जाऊ नकोस. स्टेन्सिल लावतील, म्हणजे डिझाइनचा जांभळा ठसा. तो खुर्चीत हात वळवून बसली असताना बघू नकोस, उभी राहा, हात सैल सोड आणि मग आरशात बघ, कारण कोपराखालचा भाग हात फिरवला की पिळतो, बसल्यावर सरळ दिसलेली ओळ उभं राहिल्यावर तिरकी होते. अक्षरं मात्र आरशात उलटी दिसतील, घाबरू नको, त्यासाठी फोटो काढून बघ. थोडं वर, थोडं खाली, परत पुसा म्हणायचं असेल तर म्हण, दोनदा म्हण, चारदा म्हण. समोरच्याचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे, पुसायला त्याला एक मिनिट लागतं.

आईला आधी सांगायचं की नंतर ते तुझं तू बघ, त्यात मी पडणार नाही. पण स्टेन्सिल लागला की मला फोटो पाठव. मशीन सुरू व्हायच्या आधीचा, नंतरचा नको.

तुझी
ताई