अंगावर पाजताना लघवीचा जंतुसंसर्ग : तुमचे प्रश्न

प्रश्न : बाळ सात आठवड्यांचं आहे. दोन दिवस लघवीला जळजळ होतेय, सारखी घाई लागते आणि होते चार थेंब. घरचे म्हणतात, बरी होईपर्यंत बाळाला वरचं दूध दे. दुधातून त्याला संसर्ग होईल का?

उत्तर : होणार नाही. हे जंतू, बहुतेक वेळा आतड्यातले ई. कोलाय, तुमच्या मूत्राशयात आहेत. दुधातून ते बाळाकडे जात नाहीत. पाजणं अजिबात थांबवू नका. एकदम थांबवलंत तर दूध साचून छाती दगडासारखी होते, गाठी धरतात आणि एका दुखण्याची दोन होतात.

प्रश्न : डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय, पण गोळी हातात घेतली की भीती वाटते. दुधात उतरते ना?

उत्तर : उतरते, पण फार थोडी. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं पाजणाऱ्या आयांना नेहमी दिली जातात. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी तर एकदाच घ्यायची असते.

इथे खरा प्रश्न असतो बाळाच्या वयाचा. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गावर उत्तम औषध, पण बाळ महिन्याच्या आतलं असेल किंवा त्याला जी-६-पीडीची, म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची, जन्मजात कमतरता असेल तर ते टाळतात, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कोट्रायमॉक्सॅझोलही नवजात, अपुऱ्या दिवसांच्या किंवा कावीळ झालेल्या बाळाच्या आईला देत नाहीत. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या : ‘मी अंगावर पाजते, बाळ इतक्या दिवसांचं आहे.’ आणि कृपा करून कपाटात उरलेली जुनी गोळी घेऊ नका.

औषध चालू असताना बाळाची शी थोडी पातळ होईल, कधी जिभेवर पुसून न निघणारा पांढरा थर दिसेल. थर दिसला तर दाखवून घ्या. शीत रक्त दिसलं किंवा बाळ प्यायचंच थांबलं, तर मात्र लगेच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं.

प्रश्न : दोन दिवसांत बरं वाटलं. गोळ्या बंद करू?

उत्तर : नको. जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घ्या.

प्रश्न : जळजळ आहे, पण लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला. असं कसं?

उत्तर : असं पुष्कळ जणींचं होतं आणि ‘काही नाही’ म्हणून त्यांना परत पाठवलं जातं, याचं मला वाईट वाटतं. पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं; योनीमार्ग आणि लघवीची जागा कोरडी, नाजूक होते. लघवी लागली की तिथे झोंबतं. टाके भरत असतील तरी तसंच. यावर अँटिबायोटिक नको, तपासून घेऊन वेगळा उपाय हवा.

कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते वाढवून पाहण्याच्या तपासणीला, लघवी देताना जागा धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली बाटलीत धरा. नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा.

प्रश्न : बाळ मांडीवर झोपतं, मग मी दोन-दोन तास उठतच नाही. त्यामुळे होतं का हे?

उत्तर : लघवी तुंबवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो, त्यामुळे हातभार लागतो. पाजायला बसण्याआधी जाऊन या, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा, तहानेपुरतं प्या. बाळ उठेल या धास्तीने बसून राहू नका. उठलं तर पुन्हा झोपेल.

मात्र थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यावं लागलं तरी बाळाला सोबत न्या. बहुतेक वेळा तिथेही पाजता येतं.