अँकलेट म्हणजे पैंजण की साखळी?

प्रश्न असा आला आहे: पायातल्या दागिन्यांची निवड आणि देखभाल यांवर मराठीत माहिती लिहायची आहे. ‘अँकलेट’साठी सगळीकडे ‘पैंजण’ लिहिलं तर चालेल का? ‘पायल’ मराठी धरावा का? आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ला काय म्हणायचं?

सगळीकडे ‘पैंजण’ लिहू नका, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. मराठीने पायातल्या दागिन्यांना नावं दिली ती घडण आणि आवाज पाहून. पैंजण म्हटलं की आधी कानात रुणझुण होते, घुंगरं त्यात गृहीतच असतात. नाजूक कड्यांची, न वाजणारी असेल तर घरोघरी बायका ‘साखळ्या’ म्हणतात. जाड, भरीव, वजनदार घडणीचे ते तोडे. हातातलेही तोडेच, म्हणून लिहिताना ‘पायातले तोडे’ असं म्हणावं लागतं. तान्ह्या बाळाच्या पायात गोल, साधे वाळे. त्यांना घुंगरं लावली की घुंगुरवाळे. (सुगंधी मुळांचा वाळा वेगळा, पण संदर्भाने घोटाळा होत नाही.) आणि नाचणाऱ्याच्या पायात चाळ.

इथे क्रियापदही बदलतं, ते मला फार आवडतं. पैंजण घालतात, चाळ मात्र बांधतात. ‘तिने पायात चाळ बांधले’ म्हटलं की ती नाचायला उभी राहिली, हे वेगळं सांगावं लागत नाही. ‘चाळ घातले’ असं लिहिलंत तर अर्थ कळेल, पण मराठी कान अडखळेल. तसंच साखळी आणि बेडी. घडण जवळजवळ तीच, पण ‘पायात साखळ्या’ हा शृंगार आणि ‘पायात बेड्या’ हा बंदिवास.

आता ‘अँकलेट’. आज हा शब्द बहुधा एकाच पायात घालायच्या बारीक साखळीसाठी वापरतात. आपली जुनी नावं जोडीने नांदणारी: साखळ्या, तोडे, वाळे. त्यामुळे एकट्या दागिन्यासाठी शब्द शोधताना आपण गोंधळतो. माझ्या मते ‘पायातली साखळी’ किंवा सुटसुटीत ‘पायसाखळी’ लिहावं. एकवचनातच सगळं येतं. आखूड पँटवर किंवा उघड्या चपलेवर एकटी पायसाखळी शोभते, असं वाक्य सहज वाचलं जातं. तिथे ‘पैंजण’ लिहिलं तर वाचणारी घुंगरं शोधत बसेल. उलट साडीवरच्या दागिन्यांबद्दल लिहिताना पैंजणाचं नाव घ्या आणि घुंगरू किंवा उघडा राहिलेला फासा फॉलमध्ये अडकतो, हेही सांगा.

‘पायल’ हिंदीतून आला. ‘पाय’ आपलाच असल्यामुळे तो परका वाटत नाही, आणि बोलण्यात कुणी वापरला तर मी हटकणार नाही. पण ‘पैंजण’ हाताशी असताना लिहिताना त्याची गरज नाही. ‘नूपुर’ संस्कृत, कवितेत शोभणारा. अमरकोशात त्याच्या शेजारी मंजीर, पादांगद, तुलाकोटि आणि हंसक हे शब्द आहेत. हंसक! नूपुरांचा नाद आणि हंसांचा कलरव यांची सांगड संस्कृत कवींनी पुन्हा पुन्हा घातली आहे. दागिन्यांच्या किणकिणाटाला तर त्याच कोशात ‘शिंजित’ असा स्वतंत्र शब्द आहे.

मापाबद्दल लिहिताना ‘घोटा’ हा शब्द ठेवा. साखळीचं माप घोट्याच्या हाडाच्या जरा वर दोरा गुंडाळून घेतात आणि एक-दोन सेंटीमीटर सैल धरतात. वाळा किंवा बंद कडं असेल तर ते माप उपयोगाचं नाही, कारण ते टाचेवरून चढायला हवं.

‘ऑक्सिडाइज्ड’ची गंमत अशी की मूळ इंग्रजी शब्दच रसायनाच्या दृष्टीने चुकीचा आहे. चांदीवर मुद्दाम आणलेला तो काळा थर ऑक्साइडचा नसतो, सल्फाइडचा असतो. गंधकाच्या संयुगांनी तो येतो. घरातली चांदी हवेत काळवंडते तीही याच कारणाने. म्हणून ‘काळवलेली चांदी’ हा शब्द मराठीही आहे आणि मूळ शब्दापेक्षा खराही.

शब्द नेमका असला की देखभालीची सूचनाही नेमकी होते. आपोआप काळवंडलेली चांदी उजळायची असते, मुद्दाम काळवलेली मुळीच उजळायची नसते. अॅल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खायचा सोडा या उपायाने सल्फाइडची पुन्हा चांदी होते. साध्या साखळ्यांना तो चालतो, पण काळवलेल्या पैंजणांची सगळी नक्षी त्याने पांढरीफटक पडेल. खडे किंवा मोती असतील तरीही तो टाळा. ‘९२५’ छाप असलेल्या चांदीत हजारात ७५ भाग दुसरा धातू, बहुधा तांबं, असतो. शुद्ध चांदी मऊ पडते म्हणून. एरवी सौम्य साबण, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं पुरतं. घुंगरांच्या आत पाणी किंवा साबण राहिला तर घुंगरू मुकं होतं. जोडी रबरबँडने बांधून ठेवू नका, रबरातल्या गंधकाने नेमक्या तिथेच काळ्या रेघा उमटतात. कडी निसटली तर तारेने आवळण्यापेक्षा सोनाराकडून झाळून घ्यावी.

आणि या भागाला मथळा द्याल तो ‘पैंजणांची काळजी’ नको, ‘पैंजणांची निगा’ द्या. काळजी माणसाचीही असते आणि मनालाही लागते. वस्तूची राखतात ती निगा.

लिंगाचं विचारलेलं नाही, तरी लिहिताना अडेल म्हणून सांगते: ते पैंजण, ती पैंजणं. ‘पैंजण वाजलं’, ‘पैंजणं वाजली’. तोडा मात्र पुल्लिंगी, आणि साखळी स्त्रीलिंगी.