माफ करायचं म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करायची का?

तुम्ही विचारलंय: वडील गेल्यावर भावाने वारस नोंदीत तुमचं नाव घातलंच नाही. आता मामा-काका म्हणतात, झालं गेलं विसर, हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही देऊन टाक, माहेर तोडू नकोस. राग मात्र जात नाही. काय करावं?

ताई, सहीची घाई करू नका. मी नोकरीची बरीच वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथे, काढली. हक्कसोडपत्राला येणाऱ्या बहिणी रोज बघायचे. आईवडिलांचं सगळं भावानेच केलं म्हणून आनंदाने सही करणाऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चेहरा पाडून, भावाकडे न बघता अंगठ्याचा ठसा देणाऱ्याही पुष्कळ होत्या. त्या सहीने त्यांचा राग गेला असेल, असं मला कधी वाटलं नाही. आणि एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली म्हणायचं तर दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जितमध्ये २००५ च्या दुरुस्तीने ती जन्मतः हिस्सेदार झाली. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही, कारण फेरफाराने, म्हणजे महसूल दफ्तरातल्या नाव बदलाच्या नोंदीने, मालकी ठरत नाही. तरी नाव लावून घ्या. जे आपलं आहे तेच आपण कुणाला देऊ शकतो. नाव लागल्यावर वर्षभराने वाटलं, तर द्या की भावाला! तेव्हा ते देणं असेल.

आता रागाचं. माझ्या धाकट्या भावानेही हेच केलं होतं. मी तलाठ्याकडे हरकत घेतली, नाव लागलं, आणि तो बोलायचा बंद झाला. गंमत म्हणजे कागद माझ्या बाजूने झाल्यावरही राग होताच. भांडी घासताना मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे, दरवेळी मीच जिंकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. घरात शिरलेल्या चोराने त्यांच्या आईचा खून केला होता. ते क्षमेचे दोन भाग सांगतात: सूड घेणार नाही हा निर्णय, आणि भावना बदलणं. निर्णय एका दिवसात होतो, भावना मागून, सावकाश येते. हे वाचून मला हायसं वाटलं. राग येतोय म्हणजे मी माफ केलेलं नाही, असं मी उगीच धरून बसले होते.

मग मी स्वतःपुरतं ठरवलं. जमिनीचा विषय फक्त वकिलापाशी काढायचा. नवऱ्यापाशी नाही, मावशीपाशी तर मुळीच नाही, कारण ती दर फोनला खपली काढते. वहिनीला यात ओढायचं नाही. भाचरांचे वाढदिवस सोडायचे नाहीत, त्यांना आत्या हवी असते आणि सातबारा त्यांनी लिहिलेला नसतो. भावाने ‘चुकलो’ म्हणावं ही वाट बघणंही सोडलं. ते सर्वांत कठीण गेलं. त्याने आजतागायत म्हटलेलं नाही. पण आता भाऊबीजेला येतो, जेवतो, पावसापाण्याचं बोलतो. पैशाच्या व्यवहारात मी आता त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि तरी त्याला ओवाळताना हात आखडत नाही. दोन्ही एकत्र राहू शकतं.

मारहाण, धमक्या असं काही असेल तर मात्र हे घरी बोलावणं वगैरे विसरा. लांबूनच माफ करा, किंवा करूही नका. त्यासाठी कुणी तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नाही.

तूर्त ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या गावाचे फेरफार बघा. नोंद प्रमाणित झाली नसेल तर हरकतीच्या मुदतीतच तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रमाणित झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. त्यालाही मुदत असते, म्हणून वकिलाला या आठवड्यातच भेटा. मामांना सांगा, सहीचं नंतर बघू.