पिकअपचा ब्रेक पेडल मऊ लागतो, तीनदा हवा काढली. आता भारीतले पॅड टाकू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी मिरजेची, तासगावचा बेदाणा भरून कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाते. पेडल खोल जातं, भरल्या गाडीला ब्रेक पुरत नाही, गॅरेजवाल्याने ब्रेकच्या लाईनमध्ये अडकलेली हवा तीनदा काढली तरी फरक नाही. म्हणून महागडे पॅड आणि स्टीलच्या जाळीचे होज पाईप टाकावेत का, हा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "मागे दोन पाटे वाढवलेत."

निम्मं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या त्या वाढीव पट्ट्यांत. मी मेस्त्री नाही, कराडहून भाजी आणि आलं वाहतो. पण हीच चूक मी करून बसलोय.

गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलच्या वर, चासीला धरून, मुठीएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्या दांडीचं दुसरं टोक एक्सलकडे जातं. मालाने बॉडी दबली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. रिकाम्या गाडीला ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, नाहीतर हलकी झालेली मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरेल. आता दोन पाटे वाढवल्यावर माल भरला तरी बॉडी दबतच नाही. हौद्यात दीड टन बेदाणा, आणि व्हॉल्व्हच्या हिशोबाने गाडी रिकामी! मागचे ड्रम ब्रेक बसून खातात, पुढचे दोन डिस्क ब्रेक सगळं ओझं ओढतात.

ते ओझं किती? भरून तीन टन झालेली गाडी ताशी ६० वरून एकदा थांबवायची म्हणजे साधारण सव्वा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता. घाटात असा ब्रेक किती वेळा दाबतो ते तुम्हीच मोजा.

माझं पेडल घाटाखालच्या पोफळीच्या अलीकडे गेलं. आधी करपट वास आला, मी दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणाला पाय थेट फळीला टेकला. दोन-तीन वेळा पंप मारून, दुसरा गिअर आणि हँडब्रेकवर डोंगराच्या कडेला गाडी लावली. पाऊण तासाने पेडल आपोआप परत आलं. म्हणजे ब्रेक ऑइल उकळून वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, एवढंच ते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी ओढून बसल्यावर त्याची हमी १४० पर्यंत घसरते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल टपरीवरच्या कोऱ्या चहासारखं होतं, चार वर्षं बदललंच नव्हतं. आता दर दोन वर्षांनी पूर्ण बदलतो.

हवा तीनदा काढूनही पेडल मऊ का, याचा धागा बहुतेक त्याच व्हॉल्व्हपाशी जातो. गाडी मागून जॅकवर घेतली की एक्सल खाली लोंबतो, व्हॉल्व्ह प्रेशर अडवतो आणि मागच्या लाईनमधली हवा नीट निघत नाही. चाकं जमिनीवर ठेवून हवा काढायला सांगा. व्हॉल्व्हला हवा सोडायचा वेगळा निप्पल असेल तर तोही सोडायला लावा. शिवाय मागचे लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारे पट्टे, सेट केलेत का? ते ड्रमपासून लांब राहिले तरी पेडल खोलच जातं, आणि लोक उगाच हवेच्या मागे लागतात. पेडल दोनदा मारल्यावर वर येत असेल तर आधी इथे बघा. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकत असेल आणि गळती कुठेच नसेल, तर पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरचे वॉशर गेले. पेडल दगडासारखं कडक असेल तर गोष्ट पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची किंवा त्याच्या व्हॅक्यूमची, पण ती तुमची तक्रार नाही.

पाट्यांचं म्हणाल तर मी वाढवलेले काढून टाकले आणि भरतीही कमी केली. दर खेपेला चार पैसे कमी सुटतात, बायकोची बोलणी खाल्ली. ठेवायचेच असतील तर व्हॉल्व्हची सेटिंग प्रेशर गेज लावून करून घ्या. काहीजण दांडी तारेने वर बांधून टाकतात. तसलं करू नका, रिकाम्या परतीला पावसात गाडी मागून सुटेल.

होज पाईप दहा वर्षांचे असतील, फुगत किंवा चिरलेले असतील तर बदला, कंपनीचे साधेही चालतील. जाळीच्या पाईपने पेडल थोडं घट्ट लागेल, थांबायचं अंतर काही कमी होणार नाही. पॅड सगळ्यात शेवटी. आणि घाट उतरताना चढायला लागला असता तोच गिअर, न्यूट्रल कधीच नाही.

नवे पॅड टाकलेच तर आधी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत असे दहा-बारा ब्रेक, मध्ये गार होऊ देत, मारून घ्या. पहिल्याच दिवशी माल भरून कुंभार्ली उतरू नका.