ग्वांगझूत आफ्रिकी व्यापारी टिकतात ते कशावर?

तुम्ही विचारलंय की भाषा येत नाही, व्हिसा बऱ्याचदा महिन्याभराचा, तरी नायजेरिया-मालीकडचे लोक चीनमध्ये धंदा कसा करतात. मी मुंबईच्या बाजारासाठी दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरातून बॅगा आणतो, त्यामुळे ही मंडळी रोजच्या व्यवहारात भेटतात. माझ्या मते तिथे मुक्काम करून राहिलेल्यांची खरी कमाई दलालीची आहे.

१९९७च्या आशियाई आर्थिक संकटानंतर बँकॉक, जकार्ताकडून बरेच आफ्रिकी व्यापारी ग्वांगझूकडे सरकले. २००१मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर ओघ वाढला. शहरातल्या शाओबेई भागात तिअनशिऊ इमारतीभोवती फ्रेंच बोलणारे पश्चिम आफ्रिकी जास्त, सानयुआनली भागातल्या कपड्या-बुटांच्या बाजारात नायजेरियाचे इग्बो समाजाचे लोक.

नायजेरियातल्या लागोसचा व्यापारी डॉलर घेऊन येतो, खरेदी करतो आणि व्हिसा संपायच्या आत परततो. माल तयार व्हायला मात्र त्यापेक्षा जास्त दिवस लागतात. कारखान्याला साधारण ३० टक्के आगाऊ द्यायचे, उरलेले माल निघण्याआधी. ही दुसरी रक्कम सोडण्यापूर्वी माल कोण बघणार? तिथे राहिलेला गाववाला. गोदामात वरचं खोकं तो बघतही नाही, थप्पीच्या तळातलं काढायला लावतो. बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढतो, अस्तर उलटं करून शिलाई बघतो, बंदाला लोंबकळून जोर देतो. माल नापास झाला की कॅल्क्युलेटर बाहेर येतो. एक आकडा याचा, एक कारखानदाराचा, चार-दोन चिनी शब्दांत भाव तुटतो. या नजरेचं कमिशन त्याला मिळतं, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

दुसरी कमाई वाहतुकीची. एकट्याला चाळीस फुटी कंटेनर परवडत नाही, म्हणून अनेकांचा माल एकत्र भरायचा आणि घनमीटरवर भाडं घ्यायचं. घाईचा माल विमानाने, किलोच्या दराने. काहींनी चिनी मुलींशी लग्नं केली. मग गाळा बायकोच्या नावावर, कारखान्याशी बोलणीही तीच करते.

हे सगळं सोसून चाललंय, हेही सांगायला हवं. २००९च्या जुलैत पासपोर्ट तपासणी टाळायला एका नायजेरियन माणसाने खिडकीतून उडी मारली, जबर जखमी झाला, आणि शेकडो आफ्रिकी पोलीस ठाण्यासमोर जमले. २०१३च्या नव्या कायद्याने व्हिसाची मुदत संपल्यावर राहणाऱ्यांवर कारवाई कडक झाली. एप्रिल २०२०मध्ये तर कोरोनाच्या धास्तीने भाडं भरलेल्या आफ्रिकी माणसांना घराबाहेर काढलं. त्याची चीड मला आजही आहे.

त्यानंतर वस्ती खूप आटली. २०२३मध्ये नायरा हे नायजेरियाचं चलन कोसळलं तशी नायजेरियाची खरेदीही महागली. आता बरेच जण वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर फोटो बघून घरूनच ऑर्डर देतात. पण फोटोत शिलाई दिसते, तिची ताकद कळत नाही. म्हणून जुने मुरलेले व्यापारी आपल्या देशात परतले तरी ग्वांगझूत विश्वासाचा एक माणूस ठेवतातच.