काचेचा क्लेम टाकण्याआधी एनसीबीचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न असा: एक्सप्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, पुढच्या काचेवर डाव्या बाजूला रुपयाएवढा टवका गेला आणि त्यातून बोटभर तडा निघाला. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) आहे, झिरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून होणारी कपात, टाळणारं जादा अ‍ॅड-ऑन) आहे, एनसीबी, म्हणजे क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्के आहे. वर्कशॉपचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो, क्लेम टाकू, काच फुकटात बदलून देतो. तर टाकावा का?

हे ‘फुकटात’ मला सहन होत नाही. मी मोटार क्लेमच्या कामात आहे आणि काचेच्या फायली हातून जातात, त्यात गाडीमालकाचं नुकसान याच एका शब्दामुळे होतं. पॉलिसी काच देते का, तर देते. खडा, गारा, अंगणातल्या माडावरून पडलेला नारळ, दरड, दंगलीतली दगडफेक, कोणी मुद्दाम फोडली तरी देते. फक्त थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान भरणारी) पॉलिसी असेल तर एक रुपया मिळत नाही. खरा प्रश्न किती मिळतं आणि बदल्यात काय जातं हा आहे.

उदाहरणादाखल बिल धरू. काच ९,०००, बाजूचं रबरी बीडिंग १,२००, चिकटवायचं युरेथेन आणि प्रायमर ९००, मजुरी १,५००. एकूण १२,६००. काचेवर घसारा शून्य, म्हणजे ९,००० पूर्ण. रबर आणि प्लॅस्टिकवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा, म्हणजे बीडिंगचे ६००. युरेथेन हे कन्झ्युमेबल, म्हणजे कामात वापरून संपणारी वस्तू, त्याचं अ‍ॅड-ऑन नसेल तर बहुतेक ठिकाणी तुमच्या खिशातून. मजुरी मिळते. मग यातून सक्तीची वजावट जाते, गॅरेजवाले जिला फाइल चार्ज म्हणतात ती: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यापुढे २,०००. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ऐच्छिक वजावट घेतली असेल (२,५०० पासून १५,००० पर्यंत असते), तर तीही वर कापली जाते. ही वजावट मोठी असलेला माणूस काचेचा क्लेम टाकतो तेव्हा हातात फारसं काही येत नाही. ऐच्छिक वजावट नाही, गाडी १५०० सीसीच्या आतली आणि पॉलिसी साधी असं धरलं तर कंपनी १०,१०० देते, तुम्ही २,५०० भरता; झिरो डेपने यात ६०० चाच फरक पडतो.

आता दुसरी बाजू. तुमचा एनसीबी ३५ टक्के आहे. क्लेम नसेल तर पुढच्या रिन्यूअलला ४५, मग ५०, आणि तो ५० वर राहतो. क्लेम टाकला तर ०, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा पहिल्यापासून चढायचं. पाच वर्षांतला फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५, बेरीज १२० टक्के. एनसीबी वजा करण्याआधीचा तुमचा ओडी प्रीमियम (ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) ८,००० असेल तर ९,६०० रुपये गेले. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी असतो, तो धरला की ११,३२८. आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल, पण १०,१०० च्या आसपासच राहील. म्हणजे कंपनीने आज दिलेले पैसे तुम्ही पाच वर्षांत परत करणार. गाडी पहिल्याच वर्षातली असेल तर हाच फरक ५० टक्के पडतो, एनसीबी २० असेल तर ८०, आणि ५० असेल तर १२५. आपल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर ओडी प्रीमियमचा आकडा असतो, त्याने गुणून बघा. वर्कशॉप हे गणित सांगणार नाही, कारण त्यांचा धंदा काच बदलण्यात आहे.

यंदा तुमचा आधीच एक क्लेम झाला असेल तर मात्र एनसीबी तसाही गेलेला आहे. मग काचेचा क्लेम बेलाशक टाका.

झिरो डेपवरून माझा एजंट लोकांशी जुना वाद आहे. ‘काच पूर्ण हवी तर झिरो डेप घ्या’ असं सांगून ते अ‍ॅड-ऑन विकतात. काचेवर मुळातच घसारा नाही, मग झिरो डेपने काचेत काय वाढलं? वरच्या बिलात फक्त बीडिंगचे ६०० वाढले. शिवाय पुष्कळ कंपन्या झिरो डेपचे क्लेम वर्षाला दोनच देतात. त्यातला एक काचेवर घालवायचा आणि पुढे बंपर, हेडलाइट फुटले की ५० टक्के स्वतः भरायचे, हा तोट्याचा सौदा आहे. झिरो डेप घ्या, पण बंपरसाठी घ्या.

आता तुमच्या टवक्याबद्दल. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये पीव्हीबीचा पारदर्शक थर. खड्याने बाहेरची काच टवकली आहे आणि नख फिरवून आतली बाजू गुळगुळीत लागत असेल, तर ती रिपेअर होते: टवक्यातली हवा ओढून घेतात, रेझिन भरतात, अतिनील दिव्याने घट्ट करतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम, आणि खर्च काच बदलण्याच्या मानाने किरकोळ. फिकट डाग राहतो, पण तडा पुढे सरकायचा थांबतो. डावीकडे आहे, म्हणजे चालकाच्या नजरेसमोर नाही, हे चांगलं. काचेच्या कडेला टेकला असेल किंवा आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर असेल तर रिपेअर करू नका, बदला.

रिपेअरला नेईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. आत धूळ-पाणी शिरलं की रेझिन नीट धरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर एकदम गार एसी सोडू नका, प्रेशर वॉश नको. तडा बहुतेक वेळा दुसऱ्या दगडाने वाढत नाही, तापमानाच्या फरकाने वाढतो.

बदलायचीच वेळ आली तर कंपनीच्या फिटिंगसारखं फिटिंग पुन्हा मिळणं अवघड असतं हे लक्षात ठेवा आणि उभं राहून काम बघा. जुनं युरेथेन पत्र्यापर्यंत खरवडायचं नसतं. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून त्यावर नवं ओढायचं असतं. पत्र्यावर ओरखडा गेला तर तिथे प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात काचेखाली गंज धरतो आणि डॅशबोर्डवर पाणी येतं. गाडी किती वेळाने हलवायची हे युरेथेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, तासाभरापासून कित्येक तासांपर्यंत. ‘लगेच न्या’ म्हणणाऱ्याला पाकीट दाखवायला सांगा. डावीकडची एअरबॅग उघडताना याच काचेला टेकून उघडते. कच्च्या युरेथेनवर ती काच बाहेर फेकली जाऊ शकते. पहिला दिवस दार जोरात आपटायचं नाही, एक खिडकी थोडी उघडी ठेवायची. कॅमेऱ्यावर चालणारं लेन असिस्ट वगैरे असेल तर कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा अचूक जुळवणं) एस्टिमेटमध्ये आधीच लिहून घ्या, मागाहून निघालेल्या खर्चावरून वाद होतो. मूळ काचेवर सेक्युरिट किंवा एआयएस अशा काच बनवणाऱ्यांचा शिक्का असेल, नव्या काचेचा शिक्का त्याच्याशी ताडून बघा. फास्टॅग काढताना फाटतो, तो पुन्हा चिकटवून चालत नाही. टॅग देणाऱ्या बँकेकडून बदली टॅग मागवा. त्याचे पैसे विमा देत नाही.

क्लेम टाकायचाच ठरला तर आधी कंपनीला कळवा, मग काचेला हात लावू द्या. बदलून झाल्यावर कळवलेले क्लेम नाकारले जातात ते याच कारणाने, की नुकसान कोणी पाहिलेलंच नाही. नंबर प्लेटसकट फोटो, टवक्याचा जवळून फोटो, आरसी, त्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स. खड्यासाठी पोलिसात जावं लागत नाही. कोणी मुद्दाम फोडली असेल तर तक्रारीची प्रत मागतात. मागच्या महिन्यातला बंपरचा ओरखडा याच क्लेममध्ये ‘घालून देतो’ असं वर्कशॉप म्हणेल, तसं करू देऊ नका. दोन घटना म्हणजे दोन क्लेम आणि दोन वजावटी. खोटी तारीख लिहिली तर सगळाच क्लेम अडकतो.

हे सगळं साध्या काचेबद्दल झालं. हीटिंगच्या तारा, रेन सेन्सर, कॅमेरा असलेल्या महाग गाड्यांत काचच एवढी महाग असते की गणित उलटतं, तिथे क्लेमच बरा. एनसीबी प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन असेल तरी उलटतं. काही पॉलिसींत काचेची रिपेअर क्लेम म्हणून मोजत नाहीत. पण ते पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे, फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. आणि सर्व्हेअरने (कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने) काचेवरच घसारा लावला तर सही करू नका. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही आणि वकीलही लागत नाही.