पाणी कोमट, पण वीज तेवढीच

मिशिगनमधल्या एका वाचकांनी विचारलंय: घर जुनं, फरशीखाली गरम पाण्याचे पाइप. गॅस बॉयलर बदलायचाय. १० किलोवॉटचा इलेक्ट्रिक बॉयलर बसवून ४,५०० डॉलर, कंडेन्सिंग गॅस बॉयलर ९,५००. कंत्राटदार म्हणतो, फरशीला ३८ अंशांचंच पाणी पुरतं, वीज कमी जळेल. इलेक्ट्रिक घ्यावा का?

माझ्या मते घेऊ नका. इलेक्ट्रिक म्हणजे कॉइलचा बॉयलर एक युनिट वीज खाऊन एकच युनिट उष्णता देतो, पाणी ३८ अंशांचं असो की ७०. भिंती-खिडक्यांतून जाणारी उष्णता तेवढीच, म्हणून बिलही जवळपास तेवढंच. कोमट पाण्याचा फायदा होतो तो कंडेन्सिंग बॉयलरला. फरशीतून बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली असलं की धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता वाया न जाता घरात येते.

तुमच्या बिलांवरून हिवाळ्यात गॅसचे ४२५ थर्म (गॅस मोजायचं एकक, एक थर्म म्हणजे सुमारे २९ युनिट उष्णता) लागले (उन्हाळ्यातला गीझर-शेगडीचा वापर वजा करून). जुना बॉयलर ८० टक्के कार्यक्षमतेचा धरला तर घराची गरज ३४० थर्म, म्हणजे सुमारे १०,००० युनिट. तुमच्या १९ सेंट दराने वीज १,९०० डॉलर. नव्या गॅस बॉयलरला ९५ टक्के धरून ३५८ थर्म, थर्मला १.१० डॉलर दराने ३९४ डॉलर. वार्षिक सर्व्हिसिंगचे २०० घातले तरी दरवर्षी १,३०० वाचतात.

शिवाय ४,५०० हा पूर्ण खर्च नाही. २४० व्होल्टवर १० किलोवॉट म्हणजे ४२ अँपियर. सलग चालणारा लोड म्हणून सव्वापट धरून ६० अँपियरचा ब्रेकर लागतो. तुमचं पॅनेल १०० अँपियरचं, त्यावर ड्रायर आणि ओव्हन आहेतच. पॅनेल वाढवायचे ३,००० तुम्हीच लिहिलेत. मग फरक उरतो २,००० चा, तो दीड-पावणेदोन वर्षांत फिटतो. बाहेरची उष्णता आत ओढणाऱ्या हीट पंपाला विजेच्या सरासरी तिप्पट उष्णता धरली तरी वीज ६३३ डॉलरची होते, म्हणजे गॅसच्या बिलापेक्षा जास्तच.

फक्त तळघर तापवायचं असतं, वर्षाला ३,००० युनिटांत भागलं असतं आणि पॅनेलला हात लावावा लागला नसता, तर मी इलेक्ट्रिकच सुचवला असता.

सही करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. गीझरचा धूर जुन्या बॉयलरच्याच चिमणीतून जात असेल, तर नवा बॉयलर त्या चिमणीवर नसल्याने एकट्या गीझरला ती मोठी पडते. धूर आत आतच थंड होतो, घरात उलटूही शकतो. चिमणीच्या आत घालायच्या लहान नळीचा, म्हणजे लायनरचा, खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या. दुसरं, मॅनिफोल्डजवळ (फरशीचे पाइप जिथे फुटतात तिथे) टॉर्च धरून पाइपवरचा छाप वाचा. ‘ऑक्सिजन बॅरियर’ (प्राणवायू अडवणारा थर) दिसत नसेल तर पाण्यात प्राणवायू शिरून लोखंडी पंप गंजतो आणि काळा गाळ नव्या बॉयलरमध्ये जातो. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन्हीकडचं पाणी न मिसळता उष्णता पुढे देणारा) आणि फरशीच्या बाजूला स्टेनलेसचा पंप मागा.